तॅमॅ, तुओ, से: फिनिशमधलं 'हे' आणि 'ते' विभक्तीप्रमाणे कसं बदलतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा फिनलंडमधल्या एस्पो शहरात दीड वर्षापासून राहतोय, ऑफिसात सगळं इंग्लिशमधे चालतं, संध्याकाळचा फिनिशचा क्लास लावलाय आणि पुढे नागरिकत्वासाठी युकिची (फिनिशच्या सरकारी भाषा-परीक्षेची) मधली पातळी द्यायची आहे. तो म्हणतो, "ताई, तक्ता पाठ झालाय, कागदावर सगळा लिहून दाखवतो, पण काउंटरवर उभा राहिलो की तोंडातून फक्त तॅमॅ निघतं. तॅस्सॅ, तॅस्तॅ, तॅहॅन, सितॅ, सीहेन यातलं कधी काय वापरायचं? आणि तुओ आणि से दोन्ही म्हणजे 'ते'च ना?"

मी इथे बारा-तेरा वर्षं मराठी घरातल्या लोकांना फिनिश शिकवतेय आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाकडून, साधारण याच टप्प्यावर ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लिहिण्याबद्दल. मी फिनिश शब्द देवनागरीत लिहितेय. बॅटमधला ॲ जसा, तसा तॅमॅमधला स्वर. जिथे ऽ दिसेल तिथे स्वर लांब ओढायचा. यु लिहिलंय तिथे ओठांचा चंबू करून ई म्हणायचं. जोडाक्षरं खरंच दोनदा दाबायची, तॅस्सॅमधला स्स नीट थांबून. ऱ्हस्वदीर्घ इथे शब्दच बदलतात: सितॅ वेगळं, सीतॅ वेगळं. शाळेत पहिली वेलांटी दुसरी वेलांटी घोटून घेतली ना, ती इथे कामाला येते.

आता मूळ मुद्दा. तू तक्ता पाठ केलास म्हणतोस. फिनिशमधे मोजल्या तर 15 विभक्ती, त्यातल्या रोजच्या वापरात अकरा, दर्शक सर्वनामं सहा (तॅमॅ, तुओ, से आणि त्यांची अनेकवचनं नॅमॅ, नुओ, ने), म्हणजे साधारण 66 रूपं. बोलताना कुणाचंही डोकं 66 खान्यांच्या कपाटात हात घालून योग्य चिठ्ठी काढत बसत नाही. तू मराठी बोलताना "हे, ह्याला, ह्यात, ह्यातून, ह्याच्यावर" असा तक्ता आठवतोस का? नाही. "आवडणं" म्हटलं की "मला" आपोआप येतं, "भरवसा" म्हटलं की "त्याच्यावर" आपोआप येतं. रूप क्रियापदाच्या बोटाला धरून येतं. फिनिशमधेही अगदी तसंच आहे, म्हणून से ची रूपं क्रियापदाबरोबर शिकायची, तक्त्यात नाही. बाकी सगळं मी ह्याच्याच भोवती सांगणार आहे.

तरी सांगाडा एकदा बघून घे, कारण तो दिसतो तितका मोठा नाही. मराठीत "हा" फक्त एकटा उभा असताना "हा" असतो, मागे काही लागलं की "ह्या" होतो, आणि मग ह्याला, ह्यात, ह्यातून. तो चं त्या. व्याकरणात आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. फिनिशचंही तेच. तॅमॅ मधला मॅ फक्त तॅमॅ आणि तॅमॅन या दोन ठिकाणी टिकतो, बाकी सगळीकडे गळतो आणि उरतो फक्त तॅ: तॅतॅ, तॅस्सॅ (ह्यात), तॅस्तॅ (ह्यातून), तॅहॅन (ह्यात, आत जाताना), तॅल्लॅ (ह्यावर), तॅल्तॅ (ह्यावरून), तॅल्ले (ह्याला), तॅनॅ, तॅक्सि. तुओ सगळ्यात गुणी, त्याला काहीच होत नाही: तुओन, तुओता, तुओस्सा, तुओस्ता, तुओहोन, तुओल्ला, तुओल्ता, तुओल्ले, तुओना, तुओक्सि. से चं सामान्यरूप सि: सेन, सितॅ, मग सीनॅ, सीतॅ, सीहेन, आणि पुढे सिल्लॅ, सिल्तॅ, सिल्ले, सिनॅ, सिक्सि. अनेकवचनात सुरुवातीला न येतो आणि मधे इ शिरतो: नॅइ, नोइ, नी. तेवढ्यावर प्रत्यय लाव, नॅइस्सॅ, नोइस्सा, नीस्सॅ, नॅइल्ले, नोइल्ले, नील्ले, षष्ठी तेवढी नॅइदेन, नोइदेन, नीदेन.

खरी वाकडी रूपं दोनच, सीनॅ आणि सीतॅ. नियमाने सिस्सॅ, सिस्तॅ व्हायला हवं होतं, ते होत नाही. पण सीनॅ मधला नॅ परका नाही, कोतोना (घरी), उल्कोना (बाहेर), ताकाना (मागे) यांच्यातही तोच ना ठिकाण दाखवतो. ही दोन रूपं इतकी वेळा कानावर पडतात की चार आठवड्यात सवय होते. आणि आत जाण्याचं रूप ऐकायला विचित्र वाटतं पण सोपं आहे, ह टाकायचा आणि मागचाच स्वर परत म्हणायचा: तॅ-हॅ-न, तुओ-हो-न. फक्त सीहेन मधे ए येतो.

आता मराठी माणूस जिथे खरोखर अडखळतो ती जागा. आपण म्हणतो "ह्या घरात". ह्या ने सामान्यरूप घेतलं आणि थांबला, त हा प्रत्यय फक्त घराला लागला. फिनिशमधे सर्वनाम अर्ध्यात थांबत नाही, तेही पूर्ण विभक्ती घेतं: तॅस्सॅ तालोस्सा. शब्दाला शब्द ठेवला तर "ह्यात घरात". मधे विशेषण आलं तर तेही: तॅस्सॅ सूरेस्सा तालोस्सा, "ह्यात मोठ्यात घरात". घरं झाली की नॅइस्सॅ तालोइस्सा. आपल्या कानाला हे एकच गोष्ट तीनदा सांगितल्यासारखं वाटतं आणि म्हणून जीभ तॅमॅ तालोस्सा म्हणून मोकळी होते. माझ्याकडच्या लोकांची नंबर एकची चूक हीच. समोरच्याला अर्थ कळतो, पण वाक्य मोडल्यासारखं ऐकू येतं, जसं कुणी आपल्याला "हा घरात" म्हणावं. हे ऐकून तुला जसं खटकलं ना, तसंच त्यांना खटकतं. म्हणून बोलण्याआधी मनात एकदा "ह्यात घरात, ह्यातून घरातून, ह्यावर टेबलावर" असं मुद्दाम वाकडं मराठी म्हणून बघ, मी वर्गात हे मोठ्याने म्हणायला लावते आणि खरंच फरक पडतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते. विभक्ती जुळते पण स्वर जुळेलच असं नाही. तॅस्सॅ चा शेवट ॲ, तालोस्सा चा शेवट आ. प्रत्यय एकच आहे, प्रत्येक शब्द आपापल्या स्वरांप्रमाणे तो घेतो. तॅमॅ आणि से यांना कायम स्सॅ, ल्लॅ, तुओ ला कायम स्सा, ल्ला. तॅस्सा तालोस्सा असं यमक जुळवायचा मोह होतो, तो आवर.

आता तुओ आणि से. मराठीत जवळचं हे आणि लांबचं ते, दोनच घरं. फिनिशमधे तीन. दोघांना मिळून आपल्याकडे एकच "ते" असल्याने गोंधळ होणारच, त्यात तुझी काही चूक नाही. पण मराठीतलं ते दोन प्रकारे म्हटलं जातं, नीट आठव. एक, बोट दाखवून: "ते बघ, ते लाल घर." दुसरं, बोट न दाखवता: "ते आपण काल बोललो होतो ना, ते झालं का?" पहिलं तुओ, दुसरं से. से म्हणजे दोघांना माहीत असलेलं, बोलण्यात येऊन गेलेलं. आणि त्याशिवाय से म्हणजे तुझ्या बाजूचं, ऐकणाऱ्याच्या हातातलं, त्याच्या जवळचं. तुझ्या मित्राच्या हातात डबा आहे आणि तू विचारतोस ह्यात काय आहे, तर मराठीत आपण "ह्यात"ही म्हणतो "त्यात"ही म्हणतो, फिनिश माणूस सीनॅ म्हणेल.

सगळ्यात छान उदाहरण फोनचं. तू घरी फोन करतोस आणि विचारतोस, तिकडे पाऊस आहे का? साताऽको सिएल्लॅ? इथे तुओल्ला म्हणता येणार नाही, कारण बोट दाखवायला समोर काहीच नाही आणि ती जागा ऐकणाऱ्याची आहे. आणि आई विचारते तिकडे थंडी किती, तर तेही सिएल्लॅ. तू उत्तर देताना तॅऽल्लॅ (इकडे). दर रविवारच्या फोनवर मनातल्या मनात हे करत जा, तिसऱ्या रविवारी सिएल्लॅ आणि तुओल्ला मधला फरक परत कुणी समजावून द्यायला लागणार नाही.

फिनिश भाषा-अभ्यासक रित्वा लाउरी यांनी 1997 च्या त्यांच्या अभ्यासात दाखवलंय की बोलीत से हे हळूहळू इंग्लिशच्या निश्चित आर्टिकलसारखं काम करायला लागलंय, म्हणजे नामाच्या आधी "तेच ते, आपल्याला माहीत असलेलं" एवढंच सांगायला. कान उघडे ठेवून बसमधे बस, से मिएस (माणूस), से आउतो (गाडी), से युत्तु (गोष्ट, हा यु मात्र साधा) असं सतत ऐकू येईल, आणि दरवेळी तिथे "तो" असा जोर नसतो.

इथवर रूपं. आता ती कधी, याचं उत्तर. तुझ्या वहीत क्रियापदं कशी लिहिलीस? बहुतेक "पितॅऽ = आवडणं" अशी. ती पानं फाडून टाक असं म्हणणार नाही पण प्रत्येकापुढे से चं रूप लिही. पितॅऽ सीतॅ. लुओत्ताऽ सीहेन (भरवसा ठेवणं). ओदोत्ताऽ सितॅ (वाट बघणं). पुहुआ सीतॅ (त्याबद्दल बोलणं). क्युस्युॲ सिल्तॅ (त्याला विचारणं, पण फिनिशमधे त्याच्याकडून विचारणं). सोइत्ताऽ सिल्ले (त्याला फोन करणं). तुतुस्तुआ सीहेन (ओळख करून घेणं). वर्गातले शिक्षक प्रश्नार्थक रूप लिहायला सांगतात, पितॅऽ मिस्तॅ, लुओत्ताऽ मिहिन, ते बरोबरच आहे, पण मी से ची रूपं लिहायला सांगते कारण वाक्यात पुढे तीच लागतात, आणि दोन्ही जोडीनेच येतात: मितॅ–सितॅ, मिस्तॅ–सीतॅ, मिहिन–सीहेन, मिल्लॅ–सिल्लॅ, मिल्ले–सिल्ले, मिक्सि–सिक्सि. आपल्याकडे कशात–त्यात, कशाला–त्याला, कशावर–त्यावर, कशासाठी–त्यासाठी. क च्या जागी म, त च्या जागी स, बस. "मिक्सि?" कशासाठी, "सिक्सि" त्यासाठी.

पितॅऽ वर थोडं थांबते कारण इथे मराठीच पाय ओढते. "मला हे आवडतं" मधे हे हा कर्ता आहे, म्हणून आपण हात न लावता तॅमॅ ठेवून देतो. फिनिशमधे मी कर्ता, आणि आवड जणू "ह्यातून" येते: पिदॅन तॅस्तॅ. आणि जर चुकून पिदॅन तॅमॅन म्हणालास तर अर्थच बदलला, "हे मी ठेवून घेतो." माझ्या एका विद्यार्थिनीला शेजारीण बाईंनी स्वतः विणलेला मफलर दाखवायला आणला, हिने कौतुकाने पिदॅन तॅमॅन म्हटलं, आणि बाईंनी खरंच तो तिला देऊन टाकला. तिला नंतर कळल्यावर फार वाईट वाटलं, परत द्यायला गेली, बाई घेईनात. एक तॅस्तॅ हवं होतं तिथे.

आता कर्म, म्हणजे तॅमॅन, तॅतॅ आणि तॅमॅ ही तीन रूपं. हा भाग सगळ्यात जड आहे आणि त्याला पर्याय नाही, कारण दिवसातून पन्नास वेळा लागतो. ओस्तान तॅमॅन किर्यान, मी हे पुस्तक घेतो, पूर्ण व्यवहार, पूर्ण वस्तू. एन ओस्ता तॅतॅ किर्याऽ, नाही घेत, नकार आला की तॅतॅ, ह्याला अपवाद शोधत बसू नको. ओस्ता तॅमॅ किर्या, घे हे पुस्तक, आज्ञा केली की न गळतो. तसंच "मला हे घ्यायला पाहिजे" या प्रकारच्या वाक्यातही न गळतो. त्यामुळे सानोन सेन उउदेस्ताऽन (मी ते परत सांगतो) पण सानो से उउदेस्ताऽन (ते परत सांग). युम्मॅर्रॅन तॅमॅन, हे कळलं. एन युम्मॅर्रॅ तॅतॅ, हे नाही कळलं. हे दुसरं वाक्य तुला पहिल्या दिवसापासून येत असणार, मग तॅतॅ तुला येतंच की, फक्त ते नकाराचं रूप आहे हे कुणी सांगितलं नसेल.

तॅतॅ चा दुसरा उपयोग मोजमापाचा, म्हणजे सगळं नाही, त्यातलं थोडं. मार्केट हॉलमधे मासळीच्या काउंटरवर तू साल्मनकडे बोट दाखवून ओतान तुओन लोहेन म्हणालास तर तू अख्खा मासा मागितलास. ओतान तुओता लोहता म्हणालास तर "त्यातला थोडा", मग पुढे किती ग्रॅम ते सांग. मराठीत हे वेगळ्या रूपाने होत नाही पण "त्यातलं" हा शब्द आहे ना आपल्याकडे, "त्यातलं दे", तोच तुओता. जिथे मनात "त्यातलं" म्हणता येईल तिथे तॅतॅ, तुओता, सितॅ. शंभर टक्के नाही पण खाण्यापिण्याच्या बाबतीत फसत नाही.

जागा दाखवणारी रूपं. इथे मराठी मदतीला येते आणि एका ठिकाणी दगाही देते. मदत अशी की आपल्याकडे इथे आणि इकडे असे दोन शब्द आहेत, तिथे आणि तिकडे. फिनिशमधेही दोन संच आहेत. तॅस्सॅ म्हणजे नेमकं इथे, बोट टेकवता येईल असं, आणि तॅऽल्लॅ म्हणजे इकडे, ह्या भागात. बसमधे रिकाम्या सीटकडे बघून ओन्को तॅस्सॅ वापाऽता, इथे जागा रिकामी आहे का. पण ह्या देशात, ह्या शहरात, इकडे बर्फ पडतोय, तर तॅऽल्लॅ साताऽ लुन्ता. सगळीकडे अचूक बसत नाही पण इथे–तॅस्सॅ, इकडे–तॅऽल्लॅ एवढं धरून चाल. दगा असा की "इथे आहे" आणि "इथे ये" यात आपला इथे बदलत नाही. फिनिशमधे असणं, येणं, निघणं यांना तीन वेगळी रूपं: तॅऽल्लॅ, तॅन्ने, तॅऽल्तॅ. तुओल्ला, तुओन्ने, तुओल्ता. सिएल्लॅ, सिन्ने, सिएल्तॅ. इकडे ये म्हणजे तुले तॅन्ने, तॅऽल्लॅ नाही. आणि फॉर्मवर बोट ठेवून बाई सांगते, नाव इथे लिहा, किर्योइता निमि तॅहॅन, कारण नाव त्या जागेत जाऊन पडतं. लिहिणं, ठेवणं, बसणं, चिकटवणं, सगळ्याला जाण्याचं रूप. तसंच विसरणं आणि राहून जाणं यालाही, जे आपल्याला अजिबात सुचत नाही.

ह्यातलाच एक प्रकार मला फार आवडतो. इस्तु तुओल्ले सोहवाल्ले, त्या सोफ्यावर बस, दुसऱ्या नको. इस्तु तुओहोन सोहवाल्ले, तिथे सोफ्यावर बस. दोन्ही बरोबर. दुसऱ्यात तुओहोन आणि सोहवाल्ले यांची विभक्ती जुळत नाही, आणि व्याकरण शिकलेला विद्यार्थी हे ऐकून म्हणतो फिनिश लोकच चुकतात. चुकत नाहीत. पहिल्यात सर्वनाम सोफ्याचं विशेषण आहे, दुसऱ्यात ते एकटं "तिथे" आहे आणि सोफा मागून आलाय. मराठीत "त्या" आणि "तिथे" असे वेगळे शब्द असल्याने आपल्याला फरक लगेच कळतो, फक्त तसा विचार करायला हवा.

काळाबद्दल प्रत्येकजण चिडून विचारतो की ह्या आठवड्यात तॅल्लॅ वीकोल्ला, ह्या महिन्यात तॅस्सॅ कूस्सा, आणि ह्या वर्षी तॅनॅ वुओन्ना, तीन ठिकाणी तीन विभक्ती कशासाठी? मी त्यांना विचारते, तू आठवड्यात, महिन्यात म्हणतोस, मग "ह्या वर्षी" का म्हणतोस, त्या दिवशी, त्या वेळी का म्हणतोस? जुन्या सप्तमीचा ई तिथे टिकून राहिलाय. फिनिशमधला ना हाही असाच जुना आहे, आणि वर्ष, दिवस, सकाळ, संध्याकाळ, ऋतू यांच्याबरोबर टिकलाय: तॅनॅ आऽमुना, तॅनॅ इल्ताना, तॅनॅ केसॅनॅ, सिनॅ पॅइवॅनॅ. हे शेवटचं नीट बघ, सिनॅ म्हणजे "तू" सुद्धा आणि सिनॅ म्हणजे "त्या (दिवशी)" सुद्धा. मागे दिवस, वर्ष असा शब्द ना घेऊन आला की तो "तू" नाही.

माणसांबद्दल. पुस्तकात तो आणि ती दोघांनाही हॅन. रस्त्यावर से. ऑफिसातले लोक एकमेकांबद्दल से म्हणताना ऐकून सुरुवातीला मला अपमान वाटायचा, आपण कुणाला "ते" वस्तूसारखं म्हणावं तसा, पण बोलीत त्यात काहीच अनादर नाही, आणि उलट कुत्र्यामांजराला लाडाने हॅन म्हणतात. तर मग रूपंही तीच: मॅ सोइतिन सिल्ले, मी त्याला फोन केला. क्युस्यु सिल्तॅ, त्याला विचार. आणि आपलं "त्याच्याकडे आहे" म्हणजे सिल्लॅ ओन: सिल्लॅ ओन किस्सा, त्याच्याकडे मांजर आहे (किस्सा म्हणजे मांजर, आपला किस्सा नाही). लिहिताना मात्र हॅनेल्ले, हॅनेल्तॅ, हॅनेल्लॅ, परीक्षेच्या लेखनात ते सांभाळ.

बोलीत बाकीची रूपंही झिजतात. तॅमॅ चं तॅऽ, नॅमॅ चं नॅऽ, तुओ चं तोइ, नुओ चं नोइ, तुओस्सा चं तोस्सा, तुओहोन चं तोहोन, तुओता चं तोता. तू लगेच बोलायला जाऊ नको पण ओळखायला शीक, नाहीतर पाठ केलेला शब्द समोर येऊनही ओळखू येत नाही. तोता तर वाक्यात अडखळले की भरायला वापरतात, तोता नोइन… जसं आपण म्हणतो "अरे ते हे… ते काय ते". सगळ्या भाषांत माणूस अडला की हे आणि ते च मदतीला येतात असं दिसतं.

आता ज्या भागासाठी मी से से म्हणून इतकी मागे लागलेय तो भाग. मधल्या पातळीच्या परीक्षेत आणि खऱ्या बोलण्यात, वाक्याला वाक्य जोडायचं काम से करतं. तू आलास याचा आनंद झाला: ओलेन इलोइनेन सीतॅ, एत्तॅ तुलित. मदत केलीस याबद्दल आभार: कीतोस सीतॅ, एत्तॅ आउतोइत. तो येईल यावर माझा भरवसा आहे: लुओतान सीहेन, एत्तॅ से तुलेऽ. एत्तॅ म्हणजे "की". क्रियापदाला जी विभक्ती हवी ती वाक्याला लावता येत नाही, म्हणून आधी से ला लावतात आणि मग वाक्य. मराठीत आपण "याचा, यावर, याबद्दल" करतो ते नेमकं हेच काम आहे, फक्त आपल्याकडे ते वाक्याच्या नंतर येतं. "ते त्यावर अवलंबून आहे" म्हणजे से रीप्पू सीतॅ, हे एक वाक्य आल्याशिवाय फिनलंडमधे कुठलीच मीटिंग संपत नाही. तसंच सेन यॅल्केऽन (त्यानंतर), सेन ताकिआ (त्यामुळे), नीदेन कान्स्सा (त्यांच्याबरोबर): आपलं सामान्यरूप अधिक शब्दयोगी अव्यय, त्यांची षष्ठी अधिक तसाच मागे येणारा शब्द. हे मराठी माणसाला फुकट मिळालंय, इंग्लिशवरून फिनिश शिकणाऱ्याला शब्द उलटे करावे लागतात.

आणि जो–तो. ज्या घरात मी राहतो त्या घरात: सीनॅ तालोस्सा, योस्सा आसुन. योका म्हणजे जो, योस्सा ज्यात, योस्ता ज्यातून, योहोन ज्यात (जाणं), योल्ला ज्याच्याकडे. ज ला य, त ला स. योका आणि से यांची विभक्ती एकच असायची गरज नाही, प्रत्येकाला आपापल्या क्रियापदाचं ऐकायचं असतं. "ज्याचं जळतं त्याला कळतं" मधे ज्याचं आणि त्याला वेगळे आहेत ना, तसंच. फिनिश म्हण आहे, योका वान्होया मुइस्तेलेऽ, सितॅ तिकुल्ला सिल्मॅऽन, जो जुनं उगाळत बसेल त्याच्या डोळ्यात काडी. पहिला योका कर्ता आहे, दुसरा सितॅ, कारण काडी त्याला बसणार आहे. दुसरी म्हण, योका कूसेऽन कुर्कोत्ताऽ, से कातायाऽन काप्साहताऽ, जो उंच स्प्रूसच्या शेंड्याला हात घालायला जातो तो जुनिपरच्या झुडपात आपटतो. इथे योका–से दोन्ही कर्ते. ह्या दोन म्हणी पाठ कर, तक्त्यापेक्षा जास्त व्याकरण त्यांच्यात आहे.

नॅइन, नोइन, नीन हेही ह्याच घरातले, असं आणि तसं. जुन्या अनेकवचनी विभक्तीची गोठलेली रूपं आहेत ती, फोड करत बसू नको, असंच शिक. नोइन क्युम्मेनेन एउरोआ म्हणजे साधारण दहा युरो.

सराव कसा, हे तू विचारलं नव्हतंस तरी सांगते. रोज एक क्रियापद घे, एकच. समज आज लुओत्ताऽ. त्याला से ची चार वाक्यं कर: हो चं, नाही चं, प्रश्नाचं, आणि एत्तॅ लावून लांब. मोठ्याने म्हण, बसस्टॉपवर पुटपुटलास तरी कुणी बघत नाही इथे. मग सीहेन च्या जागी तॅहॅन टाक, मग तुओहोन, मग मागे नाम जोड. म्हणजे एका क्रियापदावर एक विभक्ती तिन्ही सर्वनामांत फिरली. दुसऱ्या दिवशी पितॅऽ घे, तीच फेरी सीतॅ, तॅस्तॅ, तुओस्ता वर होईल. माझ्याकडे लोक सात-आठ आठवड्यात साधारण चाळीस क्रियापदं अशी फिरवतात आणि त्यानंतर तक्त्याची वही उघडलेली मी पाहिली नाही. अनेकवचन मुद्दाम मागे ठेव, एकवचन जिभेवर बसलं की नॅइ, नोइ, नी ची अदलाबदल करायला एक शनिवार पुरतो.

आणि उद्या बसमधे कुणाच्या शेजारची सीट रिकामी दिसली तर नुसतं बघून बसू नको, ओन्को तॅस्सॅ वापाऽता विचार. तो ओन म्हणेल आणि बॅग उचलेल. उतरताना तुला बाहेर पडायला वाट हवी असेल तर यॅऽन तॅस्सॅ पोइस, मी इथे उतरतोय. दोन्ही वाक्यात तॅस्सॅ च आहे.